रोजचे आणि रविवारचे खेळाडू एकाच गिल्डमध्ये कसे सांभाळावेत

इंदुरात ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळणारा मराठी गिल्ड, म्हणजे नेहमी एकत्र खेळणारा गट, बहुतेक वेळा ओळखीपाळखीतून उभा राहतो. एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलमधला मुलगा, सुपर कॉरिडॉरवर आयटीत शिफ्ट करणारी त्याची मामेबहीण, सुदामानगरात दुकान सांभाळणारे तिचे दीर, भंवरकुआँला एमपीपीएससीच्या (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या) क्लासला जाणारे दोघंतिघं. पहिले दोन महिने सगळे बरोबर खेळतात. मग कुणी आठवड्याला तीस तास खेळून पुढे निघून जातो, कुणाला तीन तासांच्या वर जमत नाही, आणि तिसऱ्या महिन्यात दोन वेगळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झालेले असतात. हा लेख अशा गिल्डचा कारभार पाहणाऱ्यांसाठी आहे.

हार्डकोर म्हणजे चांगला खेळणारा आणि कॅज्युअल म्हणजे कच्चा, ही समजूत आधी डोक्यातून काढा. सगळे चुकीचे निर्णय तिथूनच सुरू होतात. पूर्वी कित्येक वर्षं टँक, म्हणजे पुढे उभं राहून शत्रूचे घाव झेलणारी भूमिका, खेळलेला माणूस घरी तान्हं बाळ आलं की कॅज्युअल होतो. काल गेम सुरू केलेला विद्यार्थी सुट्टीत हार्डकोर असतो. खरा फरक दोनच गोष्टींचा: आठवड्याला किती तास मिळतात, आणि त्यातले किती तास खात्रीचे. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची. आठवड्याला वीस तास पण कधी ते माहीत नाही, अशा माणसाभोवती रेड, म्हणजे गटाने मिळून बॉस नावाच्या बलाढ्य शत्रूवर करायची चढाई, बांधता येत नाही. दर बुधवारी साडेनऊ ते पावणेबारा हमखास येणाऱ्याभोवती बांधता येते.

आधी मोजणी

सगळ्यांना एक छोटा फॉर्म पाठवा. ‘तुम्ही किती खेळता?’ असं विचारू नका. त्याला प्रत्येक जण हौसेने वाढवून उत्तर देतो. विचारायचं ते असं: गेल्या चार आठवड्यांत कोणत्या वारी रात्री साडेनऊला घरी मोकळे होतात? येणं रद्द होणार असेल तर किती तास आधी कळवू शकाल? पहिली भूमिका कोणती, आणि गरज पडली तर दुसरी कोणती खेळाल? घरचं नेट आणि वीज कशी आहे? आणि शेवटी, गेममध्ये तुम्हाला सगळ्यांत जास्त मजा कशात येते?

शेवटचा प्रश्न उगीच भरीचा वाटला तरी गाळू नका. रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये मजकुरावर चालणाऱ्या जुन्या ऑनलाइन खेळांतल्या खेळाडूंची चार प्रकारांत मांडणी केली: मिळवणारे, जग धुंडाळणारे, माणसांसाठी येणारे आणि दुसऱ्यांवर कुरघोडी करण्यात रमणारे. ही मांडणी तासांच्या हिशेबाला आडवी छेदते. तीस तास खेळणारी व्यक्ती नकाशाचा कोपरान् कोपरा पाहण्यात रमलेली असू शकते. तिला जबरदस्तीने रेडमध्ये ओढलंत तर महिन्याभरात ती दिसेनाशी होईल. उलट आठवड्याला तीनच तास मिळणाऱ्या माणसाला त्या तीन तासांत कठीण बॉसच मारायचा असतो.

उत्तरांवरून तीन याद्या करा. ‘घट्ट’ म्हणजे दोन रात्री खात्रीच्या आणि अडचण किमान एक दिवस आधी कळवणारे. ‘पाळीचे’ म्हणजे एक रात्र खात्रीची. ‘मोकळे’ म्हणजे जमेल तेव्हा येणारे. कोण कोणत्या यादीत, हे ज्याचं त्याने ठरवायचं. दर आठ आठवड्यांनी यादी पुन्हा विचारा, म्हणजे परीक्षा आली किंवा शिफ्ट बदलली तर माणूस निमूटपणे खाली येऊ शकतो आणि तसाच परतही चढू शकतो. याद्यांना ‘ए टीम’, ‘बी टीम’ अशी नावं देऊ नका. तीस वर्षांच्या माणसालाही ते लागतं.

गेम निवडताना काय पाहायचं

निम्मा तोल गेम बनवणाऱ्यांनीच साधलेला असतो किंवा बिघडवलेला असतो. त्यामुळे चालू गेममध्ये राहायचं की दुसरीकडे जायचं, हे ठरवताना हिशेब मांडा.

तीन तासवाला आणि तीस तासवाला यांच्यात वेळेची तफावत दहापट आहे. बक्षीस तासाच्या सरळ प्रमाणात मिळत असेल तर आठ आठवड्यांनी एकाकडे २४ तासांची कमाई असेल, दुसऱ्याकडे २४० तासांची. मग दोघांनी एकत्र खेळणं विसरा. आता समजा गेम आठवड्याच्या पहिल्या सहा तासांना पूर्ण बक्षीस देतो, पुढच्या बारा तासांना पाव, आणि त्यापुढे फक्त शोभेच्या वस्तू. तीन तासवाल्याचे तीन. तीस तासवाल्याचे सहा अधिक तीन, म्हणजे नऊ. तफावत तिप्पट उरली. तिप्पट तफावतीत माणसं एकत्र खेळू शकतात, आणि जास्त खेळणाऱ्यालाही त्याच्या वेळेचं चीज झाल्यासारखं वाटतं. तुम्ही स्वतः गेम बनवत असाल तर हा तक्ता पहिल्या आठवड्यातच कागदावर मांडून घ्या.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधला ‘रेस्टेड’ अनुभव (अनुभव म्हणजे लेव्हल वाढवणारे गुण) याचंच उदाहरण. लॉगआउट करून गेममधल्या सरायमध्ये विसावलेल्या पात्राला दर आठ तासांना एका लेव्हलच्या ५ टक्के, जास्तीत जास्त दीड लेव्हलपर्यंत, राखीव साठा मिळतो. तो असेपर्यंत शत्रू मारल्याचा अनुभव दुप्पट. २००४ च्या नोव्हेंबरात गेम बाजारात येण्याआधी चाचणीच्या काळात याची मांडणी उलटी होती: फार वेळ खेळलात तर अनुभव निम्मा. खेळाडू चिडले. मग जवळपास तेच गणित ठेवून नावं बदलली. ‘पूर्ण’ होतं ते ‘दुप्पट’ झालं आणि ‘निम्मं’ होतं ते ‘नेहमीचं’ झालं. राग शमला. गिल्डचे नियम लिहिताना हे लक्षात ठेवा. ‘आला नाहीस तर गुण कापू’ आणि ‘आलास तर जास्तीचे गुण’ यांचं गणित एकच असलं, तरी दुसरं वाक्य वाचून कुणी गिल्ड सोडत नाही.

बाकी खेळांत प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. २००३ पासून चालू असलेल्या ईव्ह ऑनलाइनमध्ये कौशल्यं घड्याळाच्या वेळेवर वाढतात, तुम्ही खेळा किंवा झोपा. २०१२ मध्ये आलेल्या गिल्ड वॉर्स २ मध्ये लेव्हलची मर्यादा आजही ८० आहे, आणि सर्वोच्च गिअरच्या (शस्त्रं-चिलखतांच्या) वर नवा थर आलेला नाही. सहा महिने दूर राहिलेला माणूस जिथे होता तिथूनच सुरू करतो. शिवाय मासिक वर्गणी नाही. मोकळे खेळाडू जास्त असतील तर आमचं मत स्पष्टपणे याच गेमच्या बाजूने आहे.

फायनल फँटसी १४ मध्ये उत्तम गिअरच्या चलनाचा आठवड्याचा कोटा बराच काळ ४५० राहिला आहे, तर त्या चलनातलं छातीचं चिलखत ८२५ ला मिळतं. म्हणजे कितीही ग्राइंड केला तरी ते एका आठवड्याच्या कोट्यात घेता येत नाही. या गेमचा मोफत ट्रायल उदार आहे, पण एक खोच आहे: ट्रायलवरचं खातं गेममधल्या गिल्डमध्ये, तिथल्या भाषेत फ्री कंपनीत, घेता येत नाही. ‘आधी फुकट खेळून बघ, मग गिल्डमध्ये घेतो’ असं भावाला सांगण्याआधी हे माहीत असू द्या.

आणखी एक गोष्ट तपासा: रेडला माणसं नेमकी किती लागतात? वॉरक्राफ्टने सुरुवातीला ४० माणसं मागितली, २००७ मध्ये २५ आणि १० वर आणली. २०१४ पासून नॉर्मल आणि हिरोइक पातळीवर १० ते ३० अशी सैल संख्या चालते. जितकी माणसं तितका बॉस तगडा. सर्वांत कठीण मिथिक पातळीला मात्र नेमकी २० माणसं लागतात. मिश्र गिल्डला सैल संख्येची रेड फार उपयोगी. अकरावा माणूस ऐन वेळी आला तर त्याला ‘आज जागा नाही’ म्हणावं लागत नाही.

रोस्टरचं गणित

इथे बहुतेक गिल्ड फसतात, म्हणून जरा सविस्तर.

आठ जणांची रेड आहे आणि तुमच्याकडे आठ माणसं आहेत. प्रत्येक जण दहापैकी नऊ रात्री येतो. अशी हजेरी मिळायला भाग्य लागतं. तरीही आठही जण एकाच रात्री हजर असण्याची शक्यता फक्त ४३ टक्के. निम्म्याहून जास्त रात्री रेड रद्द! मग घट्ट खेळाडू वैतागतात, खापर पाळीच्या माणसांवर फुटतं, आणि खरं कारण निव्वळ गणित असतं.

हजेरी ८० टक्के धरून चला, कारण लग्नसराई, पाहुणे, शिफ्ट, ताप हे सगळं त्यात येतं. दहा जणांचा रोस्टर, म्हणजे नेमलेल्या खेळाडूंची यादी, ठेवलात तर आठ मिळण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के. अकरा ठेवलेत तर ८४. बारा ठेवलेत तर ९३. म्हणून आठ जणांच्या रेडला बारा माणसं हवीत. बारा जणांत सहासात घट्ट आणि पाचसहा पाळीचे हे प्रमाण चांगलं चालतं. बारापेक्षा जास्त घेतलीत तर बहुतेक रात्री दोनतीन किंवा जास्त जण बाहेर बसतात आणि तेच आधी गळतात.

नुसत्या डोक्यांची मोजणी पुरत नाही. घोडं टँक आणि हीलरपाशी (जखमा भरून काढणाऱ्यापाशी) अडतं. दोन टँक लागतात आणि दोघंही ९० टक्के येतात, तर दोघं एकत्र मिळण्याची शक्यता ८१ टक्के. तिसरा माणूस टँक खेळायला तयार ठेवलात की ती ९७ वर जाते. तिसरा टँक पाळीच्या यादीतला असू द्या आणि त्याच्या टँक पात्राला गिल्डच्या साठ्यातून गिअर आधी द्या. तो माणूस रोज डीपीएस (शत्रूला मार देणारी भूमिका) खेळत असला तरी चालेल. महिन्यातून एकदा मोकळ्या रात्री त्याला टँक करू द्या, म्हणजे हाताची सवय मोडत नाही. हीलरचंही तेच.

जास्तीचे आले तर बाहेर कोण बसणार? घट्ट माणूस नेहमी आत आणि पाळीचा नेहमी बाहेर असं केलंत तर पाळीचे येणंच सोडतील आणि तुमचे बारा पुन्हा सात होतील. वहीत नोंद ठेवा: शेवटचा बाहेर कोण बसला होता. ज्याला बाहेर बसून सर्वांत जास्त दिवस झाले तो आज बसेल, मग तो गिल्ड लीडर का असेना. बाहेर बसलेल्याला हजेरीचे पूर्ण गुण (गुणांचा हिशेब पुढे ‘लूट’मध्ये आहे). हे न देणं ही मोठी चूक. ज्याने जेवण आटोपून, घरच्यांना सांगून अडीच तास राखून ठेवले त्याने आपला वाटा दिलेला आहे.

वेळापत्रक

आठवड्याला दोन ठरलेल्या रात्री पुरे. एक कठीण रेडची, एक सैल. कोणता वार घ्यायचा हे गेमच्या साप्ताहिक रीसेटवरून, म्हणजे बक्षिसांचा आठवडा नव्याने सुरू होतो त्या वेळेवरून, ठरवा, आणि रीसेटची वेळ आपल्या घड्याळात लिहून ग्रुपला पिन करा. फायनल फँटसी १४ चा साप्ताहिक रीसेट भारतीय वेळेने मंगळवारी दुपारी दीडला होतो. गिल्ड वॉर्स २ चा सोमवारी दुपारी एकला आणि दैनिक पहाटे साडेपाचला. कठीण रात्र रीसेटनंतर लगेच, म्हणजे बुधवारी ठेवा. जे त्या रात्री राहिलं ते रविवारच्या सैल रात्री पुरं करता येतं. फायनल फँटसी १४ मध्ये कठीण रात्रच सोमवारी ठेवलीत तर एक हुकलेली रात्र म्हणजे अख्खा आठवडा वाया.

फायनल फँटसी १४ च्या नव्या सॅव्हेज, म्हणजे कठीण पातळीच्या, रेडमध्ये एक सापळा आहे, आणि तो नेमका मिश्र गिल्डलाच लागतो. त्या आठवड्यात कुणीच तो बॉस मारलेला नसेल तर पूर्ण पार्टीला बक्षिसांच्या दोन पेट्या मिळतात. एक ते चार जणांनी आधीच मारला असेल तर एकच पेटी. पाच किंवा जास्त जणांनी मारला असेल तर एकही नाही. तीस तासवाला मंगळवारी रात्री अनोळखी लोकांबरोबर बॉस मारून आला की बुधवारी सगळ्यांची पेटी निम्मी होते. त्याला ते ठाऊक असतं असंही नाही. नियम स्पष्ट लिहा: नव्या सॅव्हेजचा पहिला क्लिअर गिल्डबरोबर; गुरुवारपासून कुठेही खेळा. हे आकडे पॅचप्रमाणे (गेमच्या नव्या आवृत्तीप्रमाणे) बदलू शकतात, म्हणून प्रत्येक मोठ्या पॅचची टिपणं एकाने वाचायची जबाबदारी घ्यावी.

इंदूरचं कॅलेंडर गेमच्या कॅलेंडरवर ठेवून पाहा. अनंत चतुर्दशीला झाक्या (चित्ररथ) रात्रभर चालतात, रंगपंचमीला राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक) असते, नवरात्रात नऊ दिवस कुणी रात्री वेळेवर घरी नसतं, आणि सानंद संस्थेचं नाटक असेल त्या शनिवार-रविवारी अर्धी मंडळी सहकुटुंब बाहेर. अशा तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच ‘रेड नाही’ म्हणून लिहून टाका. आयत्या वेळी रद्द झालेली रेड मनात राहते. आधीच नसलेली राहत नाही.

एका रात्रीचा आराखडा असा ठेवा. सव्वानऊला व्हॉइस चॅटवर आवाज तपासणं, गेममधली औषधं आणि अन्न वाटणं. साडेनऊला पहिला पुल (बॉसशी लढाई सुरू करणं), जो आला नसेल त्याच्या जागी राखीव माणूस घेऊन. दहा पस्तीसला दहा मिनिटं सुट्टी. अकरा पस्तीसला ‘शेवटचे दोन पुल’ असं जाहीर करायचं, पावणेबाराला बंद. बंद करायची वेळ सुरुवातीच्या वेळेइतकीच काटेकोर पाळा. बॉस ३ टक्क्यांवर असला तरी ‘अजून एकच’ करत साडेबारा वाजवलेत तर सकाळी सातची बस पकडणारी ताई पुढच्या बुधवारी येणार नाही, आणि का आली नाही हेही सांगणार नाही. ज्यांना पुढे खेळायचं आहे त्यांनी पावणेबारानंतर वेगळी पार्टी करावी, खुशाल.

गैरहजेरी कळवण्याचा निरोप एका ओळीचा असू द्या: ‘बुध नाही. पाहुणे. रवि येतो.’ कारण तपशिलात विचारायचं नाही. आयत्या वेळची अडचण असेल तर त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत आलेला निरोप चालतो. न कळवता दोनदा गैरहजर राहिला तर त्याला आपोआप मोकळ्या यादीत टाका. यात दंड नाही, फक्त यादी खरी होते.

वीज आणि नेट

राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा. घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर पाहून घ्या, कारण काही राउटर ९ व्होल्टचे असतात. लॅपटॉप बॅटरीवर गेला की ग्राफिक्सचा वेग उतरतो, म्हणून वीज गेल्यावर त्या माणसाला धावपळीचं काम देऊ नका. सर्व्हर निवडताना गिल्डमधल्या तिघांनी वेगवेगळ्या भागांतून आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या नेटवरून रात्री दहाला पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) मोजावा. दुपारचा आकडा फसवा असतो. कुणी तुटला तर दहा मिनिटं थांबायचं, मग राखीव माणूस.

लूट

लुटीवरून होणाऱ्या भांडणात वस्तूपेक्षा मानाचा प्रश्न मोठा असतो, म्हणून नियम पहिल्या रेडच्या आधी लिहून ठेवा.

साधी गुण-साठवण, म्हणजे डीकेपी, एव्हरक्वेस्ट या गेमच्या गिल्डांत १९९९ च्या सुमारास रूढ झाली. तिच्यात दोष असा की जुन्या घट्ट खेळाडूंकडे हजारो गुण साठतात आणि नवा माणूस कधीच पोचत नाही. मिश्र गिल्डला मिळालेले गुण भागिले खर्चलेले गुण ही पद्धत लावा, आणि दोन्ही आकडे दर आठवड्याला १० टक्क्यांनी घटवा.

ठरलेल्या प्रत्येक रात्रीचे २० गुण. घट्ट माणसाला आठवड्याला ४०, पाळीच्याला २०. दहा टक्के घट असल्यामुळे घट्ट माणसाचे गुण कितीही महिने खेळला तरी ४०० च्या आसपास थांबतात, पाळीच्याचे २०० ला. नवा घट्ट माणूस आठ आठवड्यांत २२८ पर्यंत येतो, म्हणजे जुन्याच्या निम्म्याहून पुढे. खर्चाची बाजू प्रत्येकाची १०० पासून सुरू, घटीतही ती १०० च्या खाली जात नाही, आणि प्रत्येक वस्तूचे १०० वाढतात. आता पाहा: घट्ट माणसाने नुकत्याच तीन वस्तू घेतल्या आहेत, त्याचा भागाकार ४०० भागिले ४००, म्हणजे १. पाळीच्याने काहीच घेतलेलं नाही: २०० भागिले १००, म्हणजे २. पुढची वस्तू पाळीच्याला. ती घेतल्यावर त्याचाही भागाकार १ होतो आणि गाडी पुन्हा बरोबरीला येते. काल आलेल्याचा भागाकार २० भागिले १००, म्हणजे ०.२, त्यामुळे कुणी एका रात्रीत येऊन शस्त्र घेऊन जाऊ शकत नाही.

याचा अर्थ असा की घट्ट माणसाला पाळीच्याच्या दुप्पट लूट मिळते, कारण त्याने दुप्पट रात्री दिल्या. त्यापेक्षा जास्तही नाही आणि कमीही नाही. हा न्याय दोन्ही बाजूंना पटतो.

एक अपवाद लिहून ठेवता येतो: नव्या रेडच्या पहिल्या तीन आठवड्यांत शस्त्रं फक्त दोन्ही ठरलेल्या रात्री येणाऱ्यांना. कारण शस्त्राने पूर्ण गटाचा मार वाढतो आणि सगळ्यांचाच बॉस लवकर पडतो. पण तीन आठवडे म्हणजे तीनच.

खऱ्या पैशाला गिल्डमध्ये थारा देऊ नका. गेममधलं सोनं रुपयांना विकणं जवळपास सगळ्या मोठ्या खेळांच्या अटींत बसत नाही, खाती बंद होतात. आणि ज्या गिल्डमध्ये चुलत-मामे भावंडं आहेत तिथे त्याचा त्रास गेमपुरता राहत नाही.

प्रत्यक्ष रेडमध्ये

व्हॉइस चॅटवर सूचना देणारा एकच. नात्याने हाक मारू नका. ‘दादा, मागे हो’ म्हटलं की तीन दादा मागे जातात. पात्राचं दोन अक्षरी टोपणनाव ठरवा. जागा सांगताना डावं-उजवं टाळून जमिनीवरच्या खुणांची अक्षरं वापरा, कारण प्रत्येकाचा कॅमेरा वेगळ्या दिशेला असतो.

कामं वाटताना तासांचा विचार करा. प्रत्येक वेळी जागा बदलणारी, ऐन वेळी निर्णय घ्यायला लावणारी कामं घट्ट खेळाडूंकडे. एकाच जागी उभं राहून चोख करायची कामं पाळीच्यांकडे. पाळीच्या माणसाला सहा दिवसांत हालचाली विसरायला होतात, यात त्याचा दोष नाही. त्याच्यासाठी बॉसची अर्ध्या पानाची चिठ्ठी करा, आणि तीत फक्त त्याच्या भूमिकेला करायचं तेवढंच लिहा. वीस मिनिटांचा व्हिडिओ पाठवून ‘बघून ये’ म्हणू नका.

वाइप झाला, म्हणजे लढाई हरली, की आधी ठरवा: मार कमी पडला की माणसं मेली? बॉस ४ टक्क्यांवर असताना वेळ संपली आणि लढाईत तिघं मेले होते, तर गिअरला दोष देऊ नका. फायनल फँटसी १४ मध्ये उठवलेला माणूस १०० सेकंद अशक्त राहतो, म्हणून एका मरणाची किंमत दोनदा मोजावी लागते. त्याच गेममध्ये मार मोजणारी बाहेरची साधनं नियमाबाहेर आहेत. चॅटमध्ये कुणाच्या तोंडावर आकडे फेकू नका. एकाच हालचालीवर लागोपाठ तीन वाइप झाले तर व्याख्यान थांबवा आणि माणसांच्या जागांची अदलाबदल करून बघा. बऱ्याचदा तिथेच सुटतं.

हार्डकोर मंडळींची बाजू

तोल साधण्याच्या नादात सगळे नियम कॅज्युअल मंडळींच्या सोयीचे होतात आणि गिल्डचे खांब गुपचूप दुसरीकडे जातात. तीस तास खेळणाऱ्यालाही हक्काचं काहीतरी हवं. त्याला कठीण आव्हान हवं असतं, आणि आपल्याइतक्याच तयारीचे साथी.

म्हणून घट्ट यादीतल्या चारपाच जणांची एक तुकडी गिल्डच्या आतच असू द्या. वॉरक्राफ्टमध्ये पाच जणांच्या मिथिक प्लस अंधारकोठड्या, गिल्ड वॉर्स २ मध्ये पाच जणांचे फ्रॅक्टल्स हे त्यासाठी चांगलं मैदान. या तुकडीत कुणाला घ्यायचं ते त्यांनीच ठरवावं. तिथे ओळख किंवा नातं चालवू नका. त्यांच्या यशाचा निरोप मुख्य ग्रुपवर यावा, कोपऱ्यात नाही.

आणि त्यांच्यावर हमाली लादू नका. नवख्यांना ओढून नेण्याचं काम एका घट्ट खेळाडूने आठवड्यात एकदाच करायचं. ती रात्रही गुणांत मोजायची, २० गुण. ‘तू तर बसलेलाच असतोस, जरा ये ना’ ही विनंती रोज पाच जणांकडून आली की सर्वांत चांगला हीलर ऑफलाइन दिसू लागतो.

दोन वेगळे गिल्ड करून मोकळं व्हावं का, हा प्रश्न कधीतरी येतोच. अल्टिमा ऑनलाइनने २००० मध्ये जग दोन भागांत केलं, एकात संमतीशिवाय दुसऱ्या खेळाडूवर हल्ला करता येत नव्हता. बहुतेक लोक तिकडे गेले आणि जुनं जग ओस पडत गेलं. तीस माणसांच्या गिल्डमध्ये तर फाळणीनंतर एका बाजूला पुरेसे टँक उरत नाहीत आणि दुसऱ्या बाजूला शिकवणारं कुणी. घट्ट याद्या दोन पूर्ण रोस्टरांइतक्या, म्हणजे चोवीसच्या पुढे गेल्या तरच विचार करा.

बिघाड लवकर ओळखा

महिन्यातून एकदा हजेरीची वही उघडा. एकच माणूस सलग तीन वेळा आयत्या वेळी भूमिका बदलून उणीव भरून काढत असेल, तर तो थकत चालला आहे. वाइपनंतर पूर्वी चारपाच जण बोलायचे आणि आता एकटा लीडरच बोलतो, तर लोकांना चूक दाखवली जाण्याची भीती वाटते आहे. गिल्डच्या साठ्यात टाकणारे आणि काढणारे यांची नावं पूर्ण वेगळी झाली असतील तर साठ्याला आठवड्याची मर्यादा घाला. मोकळ्या यादीतलं कुणी सहा आठवड्यांत एकदाही दिसलं नसेल, तर जाहीर ग्रुपवर न विचारता खासगीत फोन करा.

परतणाऱ्यांसाठी

परीक्षा, बाळंतपण, बदली. दोनचार महिने दूर राहून परत येणाऱ्यांची सोय गिल्ड लीडरने आधीच करून ठेवावी. साठ्यात तीन संच राखीव ठेवा: एक टँकचा, एक हीलरचा, एक डीपीएसचा, खेळाडूंनी बनवता येणाऱ्या चालू गिअरमधले. परत आलेल्याला पहिल्या आठवड्यात रेडचं आमंत्रण देऊ नका. एक घट्ट आणि एक मोकळा असे दोघं बरोबर देऊन सोप्या पातळीवरची कथा आणि अंधारकोठड्या उरकून घ्या. दुसऱ्या आठवड्यात रविवारची सैल रात्र. तिसऱ्यात त्याला फॉर्म नव्याने भरायला सांगा, जुन्या उत्तरांवर जाऊ नका, आणि तो ज्या यादीचं नाव सांगेल तिथे लिहा. त्याचे गुण घटत घटत जिथे आलेले असतील तिथूनच मोजणी पुढे सुरू होते. खर्चाचा आकडाही घटलेला असल्यामुळे त्याला वेगळी सवलत द्यावी लागत नाही.